कुलूपबंद गाळा आणि प्राप्तिकर

जबलपूरच्या कमानिया दरवाजाभोवतीची पेठ दिवसभर माणसांनी फुललेली असते. अशा भरल्या बाजारातही एखाद्या गाळ्याचे कुलूप वर्षानुवर्षे निघत नाही. होतकरू व्यापारी जागेसाठी वणवण करीत असतो. गाळ्याचा मालक मात्र निश्चिंत असतो. भाडे बुडाले तरी तेवढी रक्कम आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा होते, अशी त्याने मनाची समजूत घातलेली असते.

ही समजूत निराधार आहे. हाती न आलेल्या भाड्यावर सामान्यतः कर लागत नाही, हे खरे. परंतु ते भाडे पगारातून वा व्यापारातील नफ्यातून वजा करता येत नाही.

श्रोत्यांनी एक हिशेब मनाशी मांडून पाहावा. दरमहा २०,००० रुपये भाडे धरले, तर वर्षाचे २,४०,००० झाले. मालकाने भरलेला १०,००० रुपयांचा मालमत्ता कर वगळता २,३०,००० उरतात. त्यांतून सरसकट ३० टक्के, म्हणजे ६९,००० रुपये वजा होतात. दुरुस्तीवर प्रत्यक्ष किती खर्च झाला, याची चौकशी होत नाही. उरलेल्या १,६१,००० रुपयांवर २० टक्के दराने, उपकर सोडून, कर होतो ३२,२०० रुपये. हा कर टळावा म्हणून मालकाने २,४०,००० रुपयांवर पाणी सोडलेले असते. शिवाय भाडे शून्य झाले की त्याचे ३० टक्केही शून्यच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जागेला रास्तपणे किती भाडे यावे, यावर कायदा तिचे वार्षिक मूल्य ठरवितो. भाड्याने दिलेला गाळा मधल्या काळात रिकामा राहिला, तर सवलत मिळते. पण भाड्याने देण्याचा प्रयत्नच न करता कुलूप घातले, तर न मिळालेल्या भाड्यावरही कर बसण्याचा संभव असतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ही चौकट २०२५ च्या नव्या कायद्यानेही राखली आहे.

मग कुलूप कशासाठी? खरे कारण धास्तीचे आहे. मध्य प्रदेशाचा भाडे-नियंत्रण कायदाही १९६१ चाच. एकदा आत आलेला भाडेकरू निघत नाही आणि कज्जा पुढच्या पिढीपर्यंत लांबतो, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. नोंदणी केलेल्या मुदतीच्या कराराने ती काहीशी कमी होते. पुरती जात नाही. तरीही जो मालक या भीतीपोटी गाळा बंद ठेवतो, त्याने तिची किंमत आपणच मोजीत आहोत, हे ओळखावे. प्राप्तिकराचे खाते ती भरून देत नाही. आणि बंद गाळ्यापुढून पांगणारे गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या दुकानालाही मुकविते.