निकालपत्रकाचा निकाल
(संस्थेच्या ईट येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषेचा शिक्षक. बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाने संगणकाविषयी बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु आज मी विद्वत्ता सांगण्यास उभा नाही, माझी एक चूक सांगण्यास उभा आहे.

शाळेच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसविलेले आहे. त्यावर मी गुणांची बेरीज करून 'उत्तीर्ण' वा 'अनुत्तीर्ण' असा शेरा देणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. शेल म्हणजे आपण टंकलिखित केलेली आज्ञा घेऊन ती यंत्राकडून करवून घेणारा कारकून. आणि अशा आज्ञा ओळीने लिहून ठेवलेली फाईल म्हणजे स्क्रिप्ट. मी वापरतो त्या शेलचे नाव बॅश. ब्रायन फॉक्स यांनी तो लिहिला व १९८९ मध्ये तो प्रथम बाहेर आला. घटक चाचण्यांचे निकाल त्यावर बिनचूक लागले. माझी छाती थोडी फुगलीही.

मग १०० गुणांची परीक्षा आली. रकाने सारखे दिसावेत म्हणून मी सर्व गुण तीन अंकी लिहिले, ३५ ऐवजी ०३५. निकाल लावताना काही ओळींवर यंत्राने तक्रार केली. त्या ओळी मी हाताने दुरुस्त केल्या, आणि बाकीच्या बरोबरच असणार असे धरून चाललो.

दोन दिवसांनी एक पालक तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन आले. गणितात ३५ गुण, आणि माझ्या पत्रकात 'अनुत्तीर्ण'. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं नापास झालं म्हणून सोमवारी त्याला पुण्याला गवंड्याच्या हाताखाली धाडायचं ठरवलंय. हे पस्तीस खरे का तुमचा कागद खरा?" पस्तीस खरे होते.

झाले होते असे. बॅशमध्ये संख्येच्या आरंभी शून्य असले तर गणित करताना तो ती संख्या दहाच्या नव्हे, आठच्या पटीत वाचतो. ०३५ म्हणजे तीन अठ्ठे चोवीस आणि पाच, एकूण २९. ०४० चे ३२, ०४२ चे ३४. आठच्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नसतात, म्हणून ०३८ किंवा ०८९ दिसले की तो निदान ओरडतो. ०३५ ला मात्र तो मुकाट्याने नापास करतो. ओरडणारी चूक बरी, मुकी चूक घात करते. उपाय एका ओळीचा होता: 'ही संख्या दहाच्या पायावर वाच' असे स्पष्ट सांगणे. निकाल दुरुस्त झाला, मुलगा शाळेत राहिला. पण रात्री झोप येईना. आणखी काय काय मुके बसले असेल?

आपला भूम तालुका दुधा-खव्याचा. डेअरीवर रोज सकाळी फॅट लावतात. काल चांगली लागली म्हणून आज कोणी तपासल्यावाचून कॅन घेत नाही. स्क्रिप्टचीही अशीच तपासणी करता येते, आणि तीही स्वतः न बसता.

त्यासाठी बॅट्स नावाचे साधन आहे. सॅम स्टीफन्सन यांनी ते २०११ मध्ये केले. २०१७ पासून बॅट्स-कोअर या नावाने इतर मंडळी ते पुढे चालवीत आहेत. ते फुकट मिळते. उबुंटूवर 'ॲप्ट इन्स्टॉल बॅट्स' एवढी आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने दिली की काम झाले. मग एका फाईलमध्ये आपण चाचण्या लिहावयाच्या: ०३५ दिल्यास 'उत्तीर्ण' यावे, ०३४ दिल्यास 'अनुत्तीर्ण', ०८९ ला 'उत्तीर्ण', १०० ला 'उत्तीर्ण'. आज्ञा-ओळीवर 'बॅट्स' लिहून एक जागा सोडावी, फाईलचे नाव लिहावे आणि एंटर दाबावे. जी चाचणी चुकली ती कितव्या ओळीवर चुकली हे दिसते. पत्रक साध्या स्वरूपात मागितले तर प्रत्येक चाचणीपुढे 'ओके' किंवा 'नॉट ओके' असे छापून येते.

यंत्राला हे कळते कसे? प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे काम झाले, इतर कोणताही अंक म्हणजे बिघडले. शून्य मिळाला की पास, ही एकच शाळा मी अशी पाहिली!

पाचवी चाचणी मी नावांची घातली. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन शब्द. अवतरणचिन्हे द्यायची राहिली तर शेल मोकळी जागा दिसेल तेथे तोडतो, आणि चाळीस मुलींच्या यादीत एकशे वीस नावे होतात. शिष्यवृत्तीच्या यादीत असे झाले तर कोणाचे नाव कोणाच्या वडिलांना चिकटेल सांगता येत नाही.

एक सावधगिरी सांगतो. बॅट्समध्ये 'रन' या शब्दाने स्क्रिप्ट चालविली की तिचे अपयश तो वहीत टिपून ठेवतो, पण चाचणी थांबवीत नाही. तो टिपलेला अंक आपण तपासला नाही, तर बिघडलेल्या स्क्रिप्टलाही 'ओके' मिळते. म्हणून मी नवी चाचणी लिहिली की आधी स्क्रिप्ट मुद्दाम बिघडवतो आणि चाचणी नापास होते का पाहतो. सर्वांना पास करणारा परीक्षक काय कामाचा?

आणि हे केवळ खेड्यातल्या शाळेचे वेड नव्हे. जगभरचे प्रोग्रामर ज्यात आपले काम जपून ठेवतात ते गिट, लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेले, त्याच्या स्वतःच्या चाचण्या मुख्यतः शेल स्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या आहेत. 'मेक टेस्ट' म्हटले की त्या हजारोंनी धावतात.

गेल्या आठवड्यात वर्गात हे दाखवीत असताना आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, मुलगा गैरहजर असला तर?" मी गुणांच्या जागी इंग्रजीत 'एबी' लिहितो. करून पाहिले. जुन्या स्क्रिप्टने 'एबी' हे कशाचे तरी नाव समजून त्याची किंमत शून्य धरली आणि गैरहजर मुलाला नापास केले. दुरुस्त केलेली स्क्रिप्ट तक्रार करून अडली. दोन्ही उत्तरे चूक. शेरा 'गैरहजर' असाच यावयास हवा. तिचा प्रश्न मी सहावी चाचणी म्हणून लिहून ठेवला आहे. आज सकाळी येथे येण्यापूर्वी चालवून पाहिले: पाच ओके, सहावी नॉट ओके.