एका रुपयाची पुडी

मैलापूरला कपालीश्वर मंदिराजवळच्या दुकानांत शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या दिसतात. ही युक्ती बहुराष्ट्रीय कंपनीची नाही बरं का, कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची. पुढे त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी ‘चिक’ काढला, आणि मोठ्या कंपन्याही पुडीकडे वळल्या. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला बाटली परवडत नाही, पुडी परवडते. पण रिकामी पुडी भंगारवालाही उचलत नाही.

मला जास्त पटतं ते ‘प्युअरइट’. 2004 मध्ये हिंदुस्थान लिव्हरनं ते चेन्नईतच आणलं. वीज नको, नळ नको, पाणी शुद्ध. मात्र जंतुनाशक संच संपला की पाणी थांबतं, आणि नवा संच काही रुपयाच्या पुडीत मिळत नाही.