जुन्या घराचा माळा
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



जुन्या घरांविषयीं चार शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली. मी सुतार नव्हें. पण गेल्या वर्षीं वडिलोपार्जित घराचा कडीपाटाचा माळा बदलण्याचा प्रसंग आला, तेव्हां जें शिकलों तेंच सांगतों.

एके रात्रीं आजीच्या पलंगाचा पाय फळींतून आरपार गेला. ती वांचली, ही देवाची कृपा! सकाळीं पोरें म्हणालीं, "सगळें लांकूड काढा, स्लॅब घाला." मीं हिशेब मांडला. पांच इंची स्लॅबचें वजन दर चौरस फुटास सुमारें २८ किलो. सागाची एक इंची फळी दीड किलो, तुळया धरूनहि तीनचार किलो. आमच्या भिंती दगडमातीच्या. त्यांच्यावर एवढा भार कसा टाकावा?

तक्ते उचलले, तों तुळया मधोमध ठणठणीत. भिंतींत शिरलेलीं टोकें मात्र कुजलेलीं. पूर्वीं चुन्याच्या गिलाव्यांतून भिंतीची ओल बाहेर पडे. आम्हीं त्यावर सिमेंट चढविलें, ओल आंतच कोंडली, मागाहून वाळवी आली. दोष लांकडाचा नव्हता, आमचा होता.

अशा वेळीं आधीं खालून टेकू द्यावे. प्रत्येक फळीवर आंकडा घालून ती उतरवावी. तुळईस पटाशीनें टोचून पाहावें. ती सहज रुतते तेथवर लांकूड कापून मुरलेल्या सागाचा जोड द्यावा. खाऱ्या वाऱ्यानें साधें लोखंड गंजतें. म्हणून बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे घ्यावे. टोंकाभोंवतीं बोटभर पोकळी ठेवावी, भिंतीस पुन्हां चुना लावावा, आणि काम पावसाळ्यापूर्वीं संपवावें. आमच्या नऊ तुळयांपैकीं चारांसच जोड लागले.

रेवदंड्याच्या कोटांत जुन्या देवळांच्या भिंती उभ्या आहेत; छपरें नाहींत. सन १७४० मध्यें पोर्तुगीज गेले, आणि त्या वास्तूंची निगा राहिली नाहीं. खाडीपलीकडे कोर्लईस मात्र माणसें राहिलीं, आणि त्या काळापासूनची बोली तेथें आजहि ऐकूं येते. घर काय, बोली काय, वापरणारीं माणसें असलीं तरच टिकते.

आजी पुन्हां त्याच माळ्यावर निजते. निजण्यापूर्वीं पलंगाखालची फळी मात्र हातानें चाचपून पाहते. आपल्यापैकीं ज्याच्या घरीं फळी वाजत असेल, त्यानें ती आजच उचलून पाहावी, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.