विचार हाही एक न्यास

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाची संहिता)



पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. काही माल घेऊन येतात, तर काही केवळ एक कल्पना घेऊन येतात. मालाचे वजन होते, त्याची पावती होते आणि सौदा न जमल्यास तो परत नेता येतो. कल्पनेची स्थिती निराळी आहे. ती सांगितल्याखेरीज समोरच्याला तिचे मोल कळत नाही आणि एकदा सांगितली की ती परत नेता येत नाही. नव्या उद्योजकाने प्रस्थापित कंपनीपुढे आपला प्रस्ताव मांडताना कोणती काळजी घ्यावी, हा आजचा विषय या एका अडचणीतून निर्माण झाला आहे. समाजातील अनेक तरुण आज नोकरीऐवजी स्वतःच्या उद्योगाचे स्वप्न पाहत आहेत आणि त्यांचे प्रस्ताव ऐकणाऱ्या खुर्चीवरही समाजातील अनेक ज्येष्ठ बसलेले आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार दोन्ही बाजूंनी व्हावयास हवा.

प्रथम एका परदेशी संशोधकाची हकिकत पाहू. अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारनिर्मितीचे शहर. तेथील वेन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट कर्न्स नावाचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९५३ साली, विवाहाच्या रात्री, शॅम्पेनच्या बाटलीचे उडालेले बूच लागून त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. त्या काळी मोटारीच्या काचेवरील वायपर सतत फिरत राहत. रिमझिम पावसात त्यांचा त्रासच अधिक होई. मनुष्याची पापणी सतत हलत नाही, मध्ये थांबून लवते. मग वायपरने तसे का करू नये, असा विचार कर्न्स यांच्या मनात आला. थोडे विद्युत भाग जोडून त्यांनी थांबत थांबत चालणारा वायपर तयार केला, स्वतःच्या मोटारीवर बसवला आणि १९६३ साली तो फोर्ड कंपनीच्या अभियंत्यांना दाखवला. अभियंत्यांनी उत्सुकता दाखवली, चर्चा झाल्या. परंतु अखेर कंपनीने त्यांच्याशी व्यवहार केला नाही. १९६४ च्या अखेरीस त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला व १९६७ मध्ये ते मंजूर झाले. १९६९ साली फोर्डने तशा प्रकारचे वायपर बाजारात आणले. पुढे इतर कंपन्यांनीही आणले.

कर्न्स यांनी १९७८ साली फोर्डवर आणि १९८२ साली क्रायस्लरवर दावा दाखल केला. यातील प्रत्येक भाग आधीपासून सर्वांना ठाऊक होता, मग नवे ते काय, असा कंपन्यांचा बचाव होता. भाग जुने असले तरी त्यांची जुळणी नवी आहे, असे कर्न्स यांचे म्हणणे होते. १९९० मध्ये ज्यूरीने फोर्डकडून पेटंटचा भंग झाल्याचे मान्य केले. मात्र तो हेतुपुरस्सर नव्हता, असेही म्हटले. फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. क्रायस्लरविरुद्ध त्यांनी स्वतःच न्यायालयात बाजू मांडली. १९९२ मध्ये सुमारे १ कोटी ८७ लाख डॉलर व व्याज त्यांना मंजूर झाले आणि १९९५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील ऐकण्यास नकार दिला. २००५ साली कर्न्स यांचे निधन झाले.

वरवर पाहता हा न्यायाचा विजय आहे. परंतु जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. कर्न्स यांची इच्छा केवळ पैशाची नव्हती; आपला वायपर स्वतःच्या कारखान्यात तयार व्हावा, ही होती. त्या काळी अमेरिकेत पेटंट मंजूर झाल्यापासून १७ वर्षे टिके. म्हणजे फोर्डविरुद्धचा निकाल लागला तेव्हा मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली होती. दरम्यान त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले, संसार मोडला आणि आयुष्याची उत्तम वर्षे कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात गेली. धन मिळाले, पण कारखाना उभा राहिला नाही. कायदा अखेरीस भरपाई देऊ शकतो. गेलेला काळ मात्र परत देऊ शकत नाही. म्हणून संरक्षणाची वेळ प्रस्ताव मांडण्याच्या आधीची आहे.

आता भारतातील स्थिती पाहू. कल्पना सुचली की तिच्यावर आपला कायदेशीर हक्क निर्माण झाला, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. ती ज्या स्वरूपात लिहिली वा साकारली गेली, त्या स्वरूपावर असतो. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार नवीन यंत्र वा प्रक्रिया यांना २० वर्षांचे संरक्षण मिळू शकते. परंतु व्यवसाय करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. नावाला व चिन्हाला ट्रेडमार्क कायद्याचा आणि वस्तूच्या बाह्य रूपाला डिझाइन कायद्याचा आधार असतो. म्हणून प्रथम आपल्याजवळ नेमके काय आहे, यंत्र आहे, लेखन आहे, नाव आहे की केवळ व्यापाराची युक्ती आहे, याची छाननी करावी. प्रत्येकाचे कुलूप वेगळे आहे.

केवळ युक्तीच असेल तर तिला कुलूप नाही काय? आहे. ते म्हणजे विश्वास. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स हे प्रकरण आले. एका लहान संस्थेने दूरदर्शन मालिकेची संकल्पना लिहून नोंदवली होती व ती वाहिनीपुढे विश्वासाने मांडली होती. पुढे तशाच आशयाची मालिका वाहिनीकडून येऊ लागली, अशी तिची तक्रार होती. खंडपीठाने प्रथमदर्शनी त्या संस्थेची बाजू ग्राह्य धरली व मनाई हुकूम कायम ठेवला. माहिती सर्वांना उपलब्ध असलेल्या गोष्टींतून जुळवलेली असली तरी त्या जुळणीत बुद्धी व श्रम असतील आणि ती विश्वासाने सांगितली असेल, तर ऐकणाऱ्याने तिचा परस्पर उपयोग करू नये, हे तत्त्व तेथे मान्य झाले. मात्र त्यासाठी संकल्पना पुरेशी विकसित व नेमकी ओळखता येईल अशी असावी लागते. त्या संस्थेजवळ लेखी टिपण होते, नोंद होती आणि ते कोणाला दिले हे दाखवता येत होते. म्हणूनच तिची बाजू उभी राहिली.

या दोन प्रकरणांवरून तरुण उद्योजकाने काही व्यवहारधर्म ध्यानात घ्यावा.

पहिली गोष्ट लेखनाची. कल्पना सविस्तर लिहावी, आकृत्या काढाव्यात, तारीख घालावी. पेटंटयोग्य काही असेल तर कोणासही दाखवण्यापूर्वी निदान प्रोव्हिजनल अर्ज करावा. पूर्ण तपशील देण्यास त्यानंतर १२ महिने मिळतात. कर्न्स यांनी आधी दाखवले व नंतर अर्ज केला. भारतात हा क्रम धोक्याचा आहे, कारण अर्जापूर्वी शोध जाहीर झाल्यास सामान्यतः त्याचे नावीन्यच संपते.

दुसरी गोष्ट बोलण्याच्या मर्यादेची. प्रस्तावाचे दोन भाग करावेत. ग्राहकाचा कोणता प्रश्न सुटेल, खर्च किती वाचेल, नमुना कसा चालतो, हे पहिल्या भेटीत मोकळेपणाने सांगावे. तो कशामुळे चालतो, हे करार होईपर्यंत राखून ठेवावे. नमुना दाखवावा, पण मागे ठेवून येऊ नये. अत्तराचा व्यापारी फाया हुंगावयास देतो, कृती सांगत नाही.

तिसरी गोष्ट गोपनीयतेच्या कराराची. तो मागण्यात संकोच नसावा. परंतु अनेक मोठ्या कंपन्या व गुंतवणूकदार पहिल्याच भेटीत त्यावर सही करीत नाहीत. त्याचा अर्थ त्यांच्या मनात खोट आहे, असा नव्हे. त्यांच्याकडे असे अनेक प्रस्ताव येतात, आणि तेच काम त्यांच्या स्वतःच्या विभागात आधीपासून चालू असू शकते. अशा वेळी भेटीपूर्वी पत्राने कळवावे की ही माहिती विश्वासाने व केवळ विचारार्थ दिली जात आहे. भेटीनंतर त्याच दिवशी कोण उपस्थित होते, काय दाखवले, काय ठरले, हे लिहून पाठवावे. वादाच्या प्रसंगी असे साधे पत्र मोठा आधार ठरते.

चौथी गोष्ट माणसाच्या पारखीची. ज्या कंपनीकडे जावयाचे, तिने पूर्वी लहान पुरवठादारांशी कसा व्यवहार केला, पैसे वेळेवर दिले काय, शब्द पाळला काय, याची चौकशी करावी. मुलीसाठी स्थळ पाहताना जेवढी चौकशी होते, तिच्या निम्मी जरी येथे झाली तरी पुढील बरेच वाद टळतील.

परंतु भीतीने कल्पना पेटीतच ठेवणे हाही उपाय नव्हे. न सांगितलेल्या कल्पनेला कोणी चोरत नाही, तसे कोणी विकतही घेत नाही. सावधपणे मांडावी आणि मांडल्यानंतरही स्वतःचे काम थांबवू नये. अनुभवातून रोज सुधारत जाणारे कौशल्य सहजासहजी कोणाला उचलता येत नाही.

येथवर सांगणाऱ्याचा विचार झाला. आता ऐकणाऱ्याचा. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत अचौर्य आहे. चोरीला शास्त्रकारांनी अदत्तादान म्हटले, म्हणजे न दिलेले घेणे. येथे सूक्ष्म विचार करावयास हवा. तरुणाने कल्पना ऐकवली, ती विचार करण्यासाठी दिली; वापरण्यासाठी दिली नाही. वापरण्यापुरती ती अदत्तच आहे.

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अचौर्याच्या अतिचारांत स्वतः चोरी करण्याची गोष्ट नाही, कारण तो व्रताचा भंगच झाला. तेथे स्तेनप्रयोग आहे, म्हणजे दुसऱ्यास चोरीस प्रवृत्त करणे. तदाहृतादान आहे, म्हणजे चोरून आणलेले स्वीकारणे. आणि प्रतिरूपकव्यवहार आहे, म्हणजे अस्सलाच्या नावावर नक्कल खपवणे. प्रतिस्पर्ध्याच्या नोकराला फितवून त्याचे आराखडे मिळवणारा, ते आराखडे ‘कोठून आणलेस’ असे न विचारता ठेवून घेणारा आणि दुसऱ्याच्या मालाची हुबेहूब नक्कल काढणारा, हे तिघेही आजच्या बाजारात दिसतात. सत्याणुव्रताच्या अतिचारांत तर न्यासापहार आहे, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे. ठेव ठेवणारा विसरला, त्याच्याजवळ पावती नाही, म्हणून ती आपली होत नाही. विश्वासाने सांगितलेली कल्पना ही अशीच ठेव आहे. न्यायालयांनी अलीकडे खटल्यांतून जे तत्त्व मान्य केले, ते श्रावकाला व्रताने पूर्वीच बांधून गेले आहे.

म्हणून ऐकणाऱ्याच्याही काही मर्यादा आहेत. तसेच काम आपल्याकडे आधीपासून चालू असेल, तर तरुणाला मध्येच थांबवून ते सांगावे व पुढचे ऐकू नये. प्रस्ताव नको असेल तर कागद व नमुना परत करावा. हवा असेल तर योग्य मोल द्यावे, आणि श्रेयही द्यावे. कर्न्स यांच्या वायपरचे मोल त्यांच्याशी बोलून आरंभीच ठरले असते, तर कंपन्यांचा पैसा वाचला असता आणि एका संशोधकाचे आयुष्यही.

आज जिच्या सुवर्णमहोत्सवासाठी सारे एकत्र जमले आहेत, त्या संस्थेला व्यवहारात ट्रस्ट म्हणतात, मराठीत न्यास म्हणतात. ५० वर्षांपूर्वी कोणी आपले धन विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिले, आणि ज्यांच्या हाती दिले त्यांनी ते आपले मानले नाही, एवढ्यावर ही वास्तू उभी आहे. धनाच्या बाबतीत पाळली गेलेली ही रीत विचारांच्या बाबतीतही पाळली जावी. समाजातील तरुणाला आपली कल्पना घेऊन समाजातीलच ज्येष्ठाकडे जाताना सर्वांत कमी भीती वाटावी, हीच या महोत्सवानिमित्त सद्भावना.

जय जिनेंद्र.