हाडांची दुखापत : रुग्णांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त मला येथे चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो. विषय ठरविताना आपल्या कार्यवाहांनी मला एकच सूचना केली होती : "डॉक्टर, शास्त्र थोडे कमी सांगा. लोकांना विचारावेसे वाटते आणि दवाखान्यात विचारायचे राहून जाते, तेवढे सांगा." ही सूचना मला फार आवडली. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत काम करताना मला जे प्रश्न वारंवार ऐकावयास मिळाले, त्यांतील काही आज आपल्यापुढे ठेवतो.

आपला हा परिसर या बाबतीत भाग्यवान आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. १९६२ मध्ये तेथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. "मिरजेला दाखवून या" हे वाक्य कृष्णाकाठच्या घराघरांत म्हटले जाते, त्यामागे एवढी मोठी परंपरा आहे. मिरजेचेच डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी संपादित केलेला अस्थिरोगशास्त्राचा ग्रंथ देशभरातील विद्यार्थी अभ्यासतात. सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. इलिझारोव्ह यांनी शोधलेली, बाहेरून कडी बसवून न जुळणारे हाड जुळविण्याची व आखूड हाड लांबविण्याची पद्धत आपल्याकडे रुजविण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे.

रुग्ण मात्र आपल्या मातीतले. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला मजूर, गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेला तरुण, महामार्गावर दुचाकीवरून घसरलेला विद्यार्थी, तालमीत खांदा निखळलेला मल्ल आणि ओल्या न्हाणीघरात पाय घसरलेली आजी. प्रत्येकाचे दुखणे निराळे असले तरी प्रश्न बहुधा सारखेच असतात.

हाड किती दिवसांत जुळेल?

हा पहिला प्रश्न. हाड आम्ही डॉक्टर जुळवीत नाही, ते शरीर जुळविते. आम्ही फक्त ते सरळ रेषेत आणतो आणि स्थिर ठेवतो. हाड मोडताच तेथे रक्त साकळते. पुढील दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ सांधा तयार होतो, त्यात हळूहळू चुना भरला जाऊन तो कठीण होतो, आणि मग महिनोन् महिने शरीर त्याला घासूनपुसून मूळचा आकार देत राहते. मनगटाच्या हाडाला साधारणतः सहा आठवडे लागतात. नडगीच्या हाडाला चार-पाच महिनेही लागू शकतात. लहान मुलांचे हाड याहून पुष्कळ लवकर जुळते. त्यामुळे "शेजारच्या मुलाचे प्लास्टर महिन्यात निघाले, माझे का नाही?" या प्रश्नाचे उत्तर वयात आणि हाडाच्या जागेत असते. एक्स-रेमध्ये भेग अजून अंधुक दिसते म्हणून घाबरू नये. चित्रातील भेग पुसली जाण्यापूर्वीच हाडाला पुष्कळ बळ आलेले असते.

हळद-दूध आणि कांडवेल घेतली तर?

हळदीच्या पेठेत राहणाऱ्या आपल्या माणसांना हा प्रश्न पडणारच. हळद-दूध अवश्य घ्यावे. दुधातून प्रथिने आणि चुना मिळतो. मात्र हळदीने सरकलेले हाड जागेवर येत नाही. कांडवेलीचेही तसेच. तिच्यावर संशोधन झालेले आहे, पण तिच्या भरवशावर उपचार लांबविणे धोक्याचे आहे. आपल्या शाकाहारी जेवणात हाडाला लागणारे बहुतेक सारे आहे : डाळी, उसळी, दूध, ताक, शेंगदाणे, आणि विशेषतः नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो, तर तेवढ्याच दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम. उणीव पडते ती 'ड' जीवनसत्त्वाची. एवढे ऊन असलेल्या देशात ही उणीव सर्रास आढळते, कारण आपण उन्हापासून अंग झाकून घेतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती भरून काढता येते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. बिडी, सिगारेट आणि तंबाखू हाड जुळण्याच्या आड येतात. आपल्या भागातील भगिनी दातांना मिश्री लावतात आणि "मी तंबाखू खात नाही" असे निःशंकपणे सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. हाड मोडल्यावर ती सोडावी, आणि सोडलीच आहे तर पुन्हा धरू नये.

आधी हाडवैद्याकडे जाऊ का?

या प्रश्नाचे उत्तर मी आदर राखून देतो. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे बारा आणि सांधे निखळण्याचे सहा प्रकार वर्णिलेले आहेत, झाडाच्या सालीच्या पट्ट्या बांधण्याची रीतही दिलेली आहे. ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. तथापि घट्ट बांधलेल्या बांबूच्या कामट्यांमुळे हात गमावलेली मुले मी पाहिली आहेत. कोपराच्या दुखापतीवर तेल लावून चोळल्याने स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचे अखडलेलेही पाहिले आहे. म्हणून एवढेच सांगतो : आधी एक्स-रे, आणि ताज्या दुखापतीवर चोळणे पूर्णपणे वर्ज्य. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, शेक देऊ नये, दुखरा भाग उंच ठेवावा.

मात्र दोष केवळ हाडवैद्यांचा असतो असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. का नाही, ते सांगतो.

मी नुकताच शिकून कामाला लागलो होतो. चिंचेच्या झाडावरून पडलेला सात वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी आला. कोपराच्या वरचे हाड मोडले होते. ते बसवून मी प्लास्टर घातले. रात्री त्याची आई माझ्याकडे आली. "साहेब, पोरगं रडायचं थांबंना." मी म्हणालो, "हाड मोडलंय, दुखणारच," आणि वेदनाशामक औषध लिहून दिले. तासाभराने ती पुन्हा आली. "त्याची बोटं गार लागत्यात." मी झोपेत होतो. सकाळी बघू म्हणालो. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे आलीच नाही, ती वयाने ज्येष्ठ अशा परिचारिकेकडे गेली. परिचारिकेने मुलाचे बोट हळूच सरळ करून पाहिले, मुलगा किंचाळला, आणि तिने मला उठवून स्वच्छ शब्दांत सांगितले, "डॉक्टर, प्लास्टर आत्ता कापा." मी प्लास्टर आणि त्याखालील कापूस कातडीपर्यंत कापला. बोटांना रंग येऊ लागला.

हात वाचला. दोन बोटे मात्र आजही पूर्ण सरळ होत नाहीत. तो मुलगा आता संसारी गृहस्थ आहे. भेटला की नमस्कार करतो, आणि माझे लक्ष आधी त्या बोटांकडे जाते.

झाले होते ते असे. दुखापतीनंतर स्नायूंना सूज येते. भोवतीचे आवरण आणि वरचे प्लास्टर ताणले जात नाही. आतला दाब वाढतो आणि स्नायूंना मिळणारे रक्त थांबते. साधारण सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्येच अशा अखडलेल्या हाताचे वर्णन करून ठेवले होते. मी ते पुस्तकात वाचलेले होते. त्या माउलीने काहीच वाचले नव्हते, पण त्या रात्री रोगाचे निदान तिने केले होते आणि मी ते ऐकून घेतले नव्हते.

तेव्हा बंधुभगिनींनो, हे घरी गेल्यावर सर्वांना सांगा. प्लास्टर घातल्यानंतर वेदना कमी व्हावयास हवी. ती वाढत असेल, औषधाने उतरत नसेल, बोटे गार, फिकट वा बधिर होत असतील, किंवा दुसऱ्याने बोट सरळ करताच असह्य कळ येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. मध्यरात्री दवाखान्याचे दार वाजवा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

गोळ्या किती दिवस घ्याव्यात?

सांगितले असतील तेवढेच दिवस. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी व दीर्घकाळ घेतल्यास जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करतात. संधिवातावर मिळणाऱ्या नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. आठ दिवसांत बरे वाटते आणि काही वर्षांत हाडे ठिसूळ होतात.

आपल्या समाजातील अनेकांचा सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम असतो. पुष्कळ जण तो डॉक्टरांना संकोचाने सांगत नाहीत आणि रात्रीची गोळी गुपचूप गाळतात. कृपया पहिल्याच भेटीत सांगा. बरीच औषधे सकाळी जेवणानंतर आणि सायंकाळी सूर्यास्तापूर्वी अशी बसविता येतात. मात्र शस्त्रक्रियेनंतर लगेच दीर्घ उपवास धरावयाचा असेल, तर आधी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. शरीरातील पाणी कमी झाले असता याच गोळ्या मूत्रपिंडाला अधिक बाधतात.

आजीचे वय ऐंशी. ऑपरेशन कशाला?

खुब्याचे हाड मोडले की घरातील मंडळी दयेपोटी असे म्हणतात. प्रत्यक्षात वृद्ध माणसाला शस्त्रक्रियेपेक्षा अंथरूणाचे भय अधिक असते. महिनोन् महिने पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. म्हणून प्रकृती तपासून शक्य तर एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया करावी आणि दुसऱ्या दिवशी आधार देऊन बसवावे, उभे करावे. याहून उत्तम म्हणजे पडूच न देणे. न्हाणीघरात धरावयास दांडी, रात्री एक मिणमिणता दिवा आणि घसरणार नाही अशी फरशी. एवढा खर्च कोणत्याही घराला झेपण्यासारखा आहे.

प्लास्टर निघाले, तरी सांधा का दुखतो?

हाड जुळले, पण सांधा इतके दिवस झोपलेला असतो. त्याला जागे करण्याचे काम व्यायामाचे आहे आणि ते रुग्णालाच करावे लागते. थोडे दुखेल, तेवढे सोसावे. रात्रभर ठणका राहिला तर दुसऱ्या दिवशी व्यायाम थोडा कमी करावा. मांडी घालून केव्हा बसावे, शेतात केव्हा उतरावे, दुचाकी केव्हा चालवावी, हे न लाजता विचारावे. आत बसविलेली सळई वा पट्टी काढावी का, असेही विचारतात. मोठ्या माणसांत ती त्रास देत नसेल तर बहुधा काढावी लागत नाही.

अपघात पाहिला तर काय करावे?

थांबावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. मदत करणाऱ्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असे संरक्षण मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दिलेले आहे. मोडलेला अवयव ओढू नये. काठी किंवा घडी घातलेली वर्तमानपत्रे बांधून तो स्थिर करावा. जखम स्वच्छ कापडाने झाकावी, तिच्यात हळद किंवा माती भरू नये. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून खाऊपिऊ घालू नये.

शेवटी एक विनंती. जयपूर येथे १९७५ मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली. रामचंद्र शर्मा हे कुशल कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून आकारास आलेला 'जयपूर फूट' या समितीने लाखो लोकांपर्यंत विनामूल्य पोहोचविला. तो पाय घालून शेतात अनवाणी चालता येते, मांडी घालून बसता येते. आपल्या माणसाचे जगणे कसे आहे, हे आधी विचारले गेले, म्हणून ते साधले. आपल्या ट्रस्टनेही गरजूंसाठी कुबड्या, वॉकर आणि पाण्याची गादी वापरून परत करण्याच्या बोलीवर देण्याची सोय करावी, असे मला मनापासून वाटते. कित्येक घरांत ही साधने काम झाल्यावर माळ्यावर धूळ खात पडलेली असतात.

आणि दवाखान्यात येताना आपले प्रश्न कागदावर लिहून आणा. डॉक्टर घाईत दिसले तरी विचारा. त्या रात्री एका आईने तीन वेळा विचारले म्हणून एका मुलाचा हात राहिला.