पुडीतलं शिसं

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस गळायला लागले. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की मुठीत केस, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला, कोणी बुरशीला. बघता बघता १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. पुढे काहींची नखंही ठिसूळ होऊन गळाली.

विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर या भागात आले. त्यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला. गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. गहू धुतला तरी १३.६१ राहिलं. हा गहू पंजाबातून आलेला, आणि तिथल्या काही पट्ट्यांतल्या जमिनीतच सेलेनियम भरपूर आहे, असा बावस्करांचा निष्कर्ष होता.

सेलेनियम काटेकोरपणे शिशासारख्या जड धातूंत मोडत नाही. पण या घटनेतून एक गोष्ट लख्ख दिसते. भाकरी-पोळीला वास नव्हता, चव बदललेली नव्हती, आणि तरी विष पोटात जात होतं. डोक्यावरचे केस गेले म्हणून तरी यंत्रणा धावली.

शिसं असं डोळ्यांदेखत काही करत नाही. आठवडी बाजारात जडीबुटीवाला गुडघेदुखीवर, मुळव्याधीवर, मूल होत नाही म्हणून कागदाची पुडी बांधून देतो. पुडीवर ना नाव, ना तारीख, ना आत शिसं आहे की आणखी काय याची नोंद. घेणारा दुधातून किंवा मधातून चाटण घेतो. महिन्या-दोन महिन्यांनी पोटात कळा येतात, शौचाला कडक होतं, रक्त कमी होतं, पाय ओढतात. डॉक्टर पित्ताच्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या देतात. पुडीबद्दल कोणी विचारत नाही आणि रुग्णही सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषध नसून ‘साधा झाडपाला’ असतो.

आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारा, शिसं, हरताळ, मनशीळ ही द्रव्यं उघडपणे, शोधन-मारण करून, म्हणजे शुद्ध करून आणि जाळून भस्म करून, वापरली जातात. पण आगीत कितीही पुटं दिली तरी शिशाचं दुसरं मूलद्रव्य होत नाही. अशी विषारी द्रव्यं असलेल्या औषधाच्या डब्यावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापणं भारतीय कायद्यानं सक्तीचं केलं आहे. बाजारातल्या पुडीला हा कायदा शिवतच नाही.

डबाबंद मालही निर्धोक असतोच असं नाही. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हा अभ्यास २००४ सालचा. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ मध्ये सहा गर्भवतींच्या रक्तात डेसिलिटरमागे १६ ते ६४ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं आणि त्याचं मूळ त्यांनी घेतलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांत होतं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. गरोदरपणात हाडं झिजतात तसं ते पुन्हा रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. बाळाच्या मेंदूसाठी शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गावातल्या आशाताईंनी गरोदर बाईच्या घरी गेल्यावर लोहाच्या गोळ्यांबरोबर हेही विचारावं: कुठली पुडी, भस्म, काढा चालू आहे का? चालू असेल तर बाईनं ती लगेच बंद करावी, पण फेकू नये. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि रक्तातल्या शिशाची तपासणी होईल का, हे स्पष्ट विचारावं. ती पुडी समोर असेल, तर डॉक्टरांना दुखण्याचं मूळ लवकर सापडेल.