बक्षिसाची शर्यत आणि माझी वही



परीक्षेचा निकाल लागायच्या आदल्या रात्री घरात कसे वातावरण असते, हे तुम्हां-आम्हां सर्वांच्या ओळखीचे आहे. ज्याची परीक्षा त्याला झोप नसते, हे समजू शकते. पण ज्याची परीक्षाच नाही तो मामाही अंथरुणावर तळमळत असतो! चित्रपटांच्या पारितोषिकांचे नेमके असेच आहे. चित्रपट कोणी काढलेला असतो, पैसा कोणाचा लागलेला असतो, आणि निकालाची काळजी मात्र मरोळला बसून मी वाहत असतो. हा छंद मला कसा लागला आणि त्यात माझी फजिती कशी झाली, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

मी मरोळला राहतो. विमानतळ जवळ, त्यामुळे डोक्यावरून विमान गेले की बोलता बोलता थांबावे आणि ते गेले की उरलेले वाक्य पुरे करावे, ही आम्हां मरोळकरांची सवयच होऊन गेली आहे. तुम्ही म्हणाल, मरोळचा आणि सिनेमाच्या बक्षिसांचा संबंध काय? तर संबंध आहे. आमच्या नाक्यावरून जो अंधेरी-कुर्ला रस्ता जातो, त्याच रस्त्यावर अंधेरीच्या अंगाला पूर्वी मोहन स्टुडिओ होता. बिमल रॉय यांच्या चित्रसंस्थेचे बिऱ्हाड तिथेच. 'मुघल-ए-आझम'चा शीशमहाल उभारला गेला तोही तिथेच. तेव्हा ह्या विषयात चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असे मी धरून चालतो.

माझी वही सुरू झाली 2002 साली. त्या वर्षी आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान' ऑस्करच्या शेवटच्या पाच चित्रपटांत गेला होता. त्यापूर्वी आपले दोनच चित्रपट तिथवर पोहोचले होते : 'मदर इंडिया' आणि 'सलाम बॉम्बे'. माझा भाचा तेव्हा आठवीत होता. आम्ही दोघांनी एक शंभर पानी वही आणली. तीत तीन रकाने आखले. पहिल्यात चित्रपटाचे नाव, दुसऱ्यात निवड कोण करणार, आणि तिसऱ्यात आपला कौल. 'लगान'समोर आम्ही दोघांनीही ठळक अक्षरांत 'जिंकणार' असे लिहिले. 25 मार्चच्या सकाळी दूरदर्शनसंचासमोर चहाचे कप घेऊन बसलो. नाव पुकारले गेले ते 'नो मॅन्स लँड'चे, बॉस्नियाच्या चित्रपटाचे. भाचा रुसून शाळेत गेला. मला मात्र चुटपुट लागली, की आपण चुकलो कुठे?

पुढे दोन-तीन महिने मी ह्या विषयाचा जरा अभ्यास केला, तेव्हा ध्यानात आले की आमचा दुसरा रकाना कोराच होता! निवडणारा कोण, हे न पाहताच आम्ही कौल देऊन मोकळे झालो होतो. ऑस्करच्या त्या विभागात त्या काळी मत द्यायचे, तर पाचही चित्रपट चित्रगृहात बसून पाहावे लागत. म्हणजे मतदार थोडे, आणि तेही निवांत वेळ असलेले. आपल्या गल्लीत 'लगान' किती चालला, ह्याच्याशी त्यांना काय देणे-घेणे?

निवडणारा बदलला की निवड बदलते, ही गोष्ट खरे तर आपल्याकडे पहिल्या वर्षीच दिसली होती. 1954 साली दोन मोठी पारितोषिके प्रथमच दिली गेली. 21 मार्चला मुंबईच्या मेट्रो चित्रगृहात 'फिल्मफेअर'ची पारितोषिके झाली. ती वाचकांच्या मतांवर ठरली होती आणि होती अवघी पाच. त्यांत उत्कृष्ट चित्रपट ठरला आमच्या कुर्ला रस्त्यावरच्या बिमलदांचा 'दो बिघा जमीन'. मग 10 ऑक्टोबरला दिल्लीत सरकारी पारितोषिके दिली गेली. तिथे निवड परीक्षकांची. त्यांनी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक दिले आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला, आणि 'दो बिघा जमीन'ला मिळाले गुणवत्तेचे प्रमाणपत्र. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कान येथल्या महोत्सवात मात्र 'दो बिघा जमीन'चा पुन्हा गौरव झाला. आणखी गंमत पहा. वाचकांनी चित्रपट 'दो बिघा जमीन' निवडला, पण उत्कृष्ट नट म्हणून निवडले दिलीपकुमार यांना, 'दाग'मधल्या कामासाठी. रिक्षा ओढणारे बलराज सहानी राहिले बाजूला! चूक कोणाचीच नव्हती. वाचकाची आवड एक, परीक्षकाची दुसरी, परदेशातल्या पंचाची तिसरी.

मत कसे मोजतात, ह्यावरही पुष्कळ अवलंबून असते. ऑस्करच्या मुख्य चित्रपटाचे उदाहरण घ्या. तिथे आता दहा चित्रपट असतात. मतदाराने नुसती एकावर खूण करून भागत नाही. पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण, असे क्रम लावायचे असतात. समजा, शंभर मतदार आहेत. पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते कोणालाच नाहीत. मग ज्याला सर्वांत कमी मते, तो बाद. आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. असे करत करत एकाकडे पन्नासाच्या वर मते जमेपर्यंत मोजणी चालते. म्हणजे तीस जणांचा जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसा, असा चित्रपट मागे पडू शकतो. आणि पुष्कळांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असलेला गुपचूप पुढे निघून जातो. सोसायटीचा चेअरमन होतो ना, तसेच! कोणाचा फारसा लाडका नाही, पण कोणाचे त्याच्याशी भांडणही नाही.

आपल्या राष्ट्रीय पारितोषिकांची तऱ्हा निराळी. तिथे उमेदवारांची यादी आधी जाहीर होत नाही. निर्माते चित्रपट पाठवतात, परीक्षक बंद खोलीत पाहतात, आणि एके दिवशी एकदम निकाल. तिथे अंदाज बांधणाऱ्याने फार पाल्हाळ लावू नये, हे उत्तम.

एवढे सगळे शिकून मी मोठा जाणकार झालो, असे मला वाटू लागले. आणि इथेच माझी फजिती झाली.

2004 साली 'श्वास' ह्या मराठी चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ जाहीर झाले. 'श्यामची आई'नंतर हा मान मराठीकडे आला, तो मधली पन्नास वर्षे ओलांडून! पाठोपाठ ऑस्करसाठी भारताचा चित्रपट म्हणूनही त्याचीच निवड झाली. दिग्दर्शक संदीप सावंत आणि त्यांचे सहकारी काही धनाढ्य नव्हते. अमेरिकेत चित्रपट नुसता पाठवून चालत नाही. तिथे खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात, मतदारांच्या कानांवर नाव घालावे लागते. त्याला पैसा कुठून आणायचा? सरकारने मदत केली, आणि शाळेतल्या मुलांपासून नाटकवाल्यांपर्यंत लोकांनीही आपापल्या परीने पैसे जमवले. आमच्या कचेरीत डबा फिरला, त्यात मीही नोट टाकली. वहीत रोज नोंद करत होतो. आज वर्तमानपत्रात काय आले, कोणता देश कोणता चित्रपट पाठवतो आहे, स्पेनचा 'द सी इनसाइड' किती जड जाईल. ट्रेनमध्ये, बसमध्ये, जिथे तिथे माझे प्रवचन चालू!

25 जानेवारी 2005 रोजी पाच नावे जाहीर झाली. त्यांत 'श्वास' नव्हता.

त्या दिवशी मी सुतकी चेहऱ्याने बसलो होतो. भाचा तोवर कॉलेजात गेला होता. तो म्हणाला, "मामा, जाऊ दे रे. पण मला सांग, त्यातला आजोबा शेवटी नातवाला घेऊन इस्पितळातून बाहेर पडतो ना, तो प्रसंग तुला कसा वाटला?"

मंडळी, मला उत्तर देता आले नाही. कारण मी चित्रपट पाहिलाच नव्हता.

वर्गणी दिली होती. स्पर्धक पाठ होते. तारखा पाठ होत्या. पण दोन तास खुर्चीत बसून ती गोष्ट पाहायला मला चार महिन्यांत सवड झाली नव्हती! भाच्याने तो दोनदा पाहिला होता. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. विमान आले आणि गेले, तरी माझे वाक्य काही पुढे सरकेना.

त्याच आठवड्यात मी 'श्वास' पाहिला. कोकणातले एक लहान पोर. त्याच्या डोळ्यांना कर्करोग झालेला. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. डोळे जाण्यापूर्वी जग एकदा पाहून घे बाळ, म्हणून आजोबा त्याला बाहेर घेऊन जातो. अरुण नलावडे यांचा तो आजोबा आणि अश्विन चितळेचे ते पोर पाहताना शर्यत, पंच, मते, सगळे डोक्यातून निघून गेले. घरी आलो आणि वहीत चौथा रकाना आखला. त्याच्या माथ्यावर एकच शब्द लिहिला : 'पाहिला?'

तेव्हापासून नियम केला. चौथ्या रकान्यात खूण झाल्यावाचून तिसऱ्यात कौल लिहायचा नाही. आणि कौल निकालाच्या आधी लिहायचा, नंतर नव्हे. नंतर काय, सगळेच ज्योतिषी असतात!

2015 साली चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला सुवर्णकमळ जाहीर झाले आणि एप्रिलमध्ये तो चित्रगृहांत आला. तोवर आमच्या मरोळ नाक्याला मेट्रो आली होती. भाचा आता नोकरीला लागलेला. पण पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघे गेलो. म्हाताऱ्या शाहिरावर खटला चालतो आणि चालतच राहतो. चित्रपट संथ, त्यात गाजावाजा काही नाही. पुढे तो ऑस्करला भारतातर्फे जाणार असे ठरले, तेव्हा मी वहीत लिहिले : 'त्यांना मानवणार नाही. मला पटला.' अंदाज खरा ठरला, पण ह्या वेळी चुटपुट लागली नाही. माझा निकाल माझ्याजवळ आधीच लागून गेला होता.

हीच गोष्ट उशिरा का होईना, त्या अकादमीलाही पटलेली दिसते. 2025 साली त्यांनी नियम केला, की ज्या विभागात शेवटचे मत द्यायचे, त्यातले सगळे चित्रपट मतदाराने पाहिलेले असले पाहिजेत. म्हणजे पंचांनाही चौथा रकाना लागला की हो!

तेव्हा ह्या खेळात भाग घ्यायचा असेल तर जरूर घ्या. मोठी मजा आहे त्यात. घरातल्या मुलांना जोडीला घ्या, वही आणा, निवडणारा कोण हे आधी विचारा. पण लहान चित्रपटाला आपली खरी मदत होते ती तिकीट काढून, आणि तीही पहिल्या आठवड्यात. बक्षीस मिळेपर्यंत वाट पाहिली, तर कधी कधी चित्रपट चित्रगृहातून उतरलेलाही असतो. आजोबाने त्या पोराला जग दाखवले ते डोळे जाण्यापूर्वी, नंतर नव्हे. आपल्याला तर कोणी अडवलेले नाही. मग उशीर कशाला?